‘रेडबेल्ट’च्या निमित्ताने दत्तास पत्र

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. काकूंची तब्येत सुधारते आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. आणि माझ्या आग्रहाखातर का होईना, लेखक-दिग्दर्शक डेव्हिड मॅमेटचा ‘रेडबेल्ट’ हा सिनेमा तू एकदाचा पाहिलास याचा फार आनंद झाला. पण पाहून लिहिलंस काय, तर “माणूस चांगला दाखवलाय, मारामारी कमी आहे, कारस्थान कळलं नाही आणि शेवट पटला नाही.” एवढ्यावर तू तो निकालात काढलास, ते मला राहवेना. म्हणून हे पत्र लांबणार आहे. कारस्थानाबद्दलची तुझी तक्रार मला पूर्ण मान्य आहे, किंबहुना तू म्हणतोस त्याहून ती गंभीर आहे. पण मारामारी आणि शेवट या दोन बाबतींत मला तुझ्याशी भांडायचं आहे.

आधी मारामारीबद्दल. सिनेमाची सुरुवात आठव. लॉस एंजेलिसमधली साधी, थोडी कळकट अकॅडमी. मॅटवर दोघे झुंजताहेत, त्यातल्या जो नावाच्या पोलिसाचा एक हात बांधलेला. शेजारी अकॅडमीचा गुरू माइक टेरी उभा राहून बोलतो आहे. ओरडत नाही, चिथावत नाही. श्वास घे, घाई करू नकोस, इथून सुटायची वाट आहे, ती शोध, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगतो. या एका प्रसंगात जिउ-जित्सूचं, पकडी आणि विळख्यांच्या या युद्धकलेचं, जे मर्म आलंय ते दुसऱ्या कुठल्या सिनेमात मी पाहिलेलं नाही. बहुतेक सिनेमांत गुरू म्हणजे कोड्यात बोलणारा म्हातारा. माइक मात्र खरोखर शिकवतो. समोरचा शिष्य आत्ता, या क्षणी कुठे अडकलाय हे पाहून तेवढंच सांगतो.

आपण ज्युदो शिकत होतो तेव्हाचा हदाका-जिमे आठवतो ना? पाठीमागून गळ्याला विळखा बसला की पहिल्यांदा श्वास कोंडल्यासारखं वाटतं, पण विळखा नीट बसलेला असेल तर श्वासनलिका मोकळीच असते. दाबल्या जातात त्या मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या. कानात रक्ताचा घोंघाट सुरू होतो, नजरेच्या कडा काळवंडतात आणि दहा-बारा सेकंदांत शुद्ध हरपते. त्या सेकंदांत माणूस जोर लावतो आणि जितका जोर लावतो तितका लवकर संपतो. हनुवटी खाली घेणं, दोन्ही हातांनी समोरच्याचं मनगट धरणं, खांदा वळवणं, ही सगळी कामं शांत डोक्याने करायची असतात आणि नेमकं डोकंच तेव्हा जागेवर नसतं. ज्याने हे भोगलंय त्यालाच पहिल्या प्रसंगातला माइकचा आवाज पुरता कळतो. तू भोगलं आहेस, म्हणून तर तुझ्यावर माझा राग!

मारामारी कमी आहे, कारण माइकचा सगळा भर मारामारी टाळण्यावर आहे. तो स्पर्धेत उतरत नाही. स्पर्धेने लढवय्या दुबळा होतो, असं त्याचं ठाम मत. या मताचं वजन कळायला थोडा इतिहास पाहावा लागतो. जपानहून आलेल्या मित्सुयो माएदाकडून ग्रेसी घराण्याने ही विद्या ब्राझीलमध्ये घेतली. कार्लोस आणि हेलिओ ग्रेसींनी ती जमिनीवरच्या झुंजीसाठी घासूनपुसून घेतली आणि आव्हानं देऊन, उघड्यावर लढती करून सिद्ध केली. 12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हरमध्ये यूएफसी ही मिश्र युद्धकलांची स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा अंगाने किरकोळ असलेल्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तीन जणांना शरण आणलं आणि जगभर अकॅडम्या निघाल्या. म्हणजे या विद्येची सारी कीर्तीच लढतींवर उभी. अशा परंपरेत वाढलेला, तिच्याच घरात लग्न करून गेलेला एक माणूस म्हणतो की मी झुंजणार नाही, मी फक्त माणसांना संकटातून सुटायला शिकवेन. आणि त्याच्या बायकोचे भाऊ आहेत सिल्व्हा. एक नावाजलेला लढवय्या, दुसरा क्लबचा मालक, दोघेही लढतींच्या धंद्यात बुडालेले. नाट्य इथेच उभं राहतं, त्याला ठोसे लागत नाहीत. माइकने नाही म्हणत राहायचं आणि जगाने त्याच्या नाहीची किंमत वाढवत न्यायची. अकॅडमीचं भाडं थकलेलं असताना मिळणारे 50 हजार डॉलर नाकारणं हीच एक झुंज आहे, दत्ता.

ती झुंज माइक झालेल्या चिवेटेल एजिओफोरने कशी दाखवली आहे, ते पुन्हा एकदा नीट बघ. तो उभा राहतो तेव्हा खांदे सैल, हात मोकळे, वजन दोन्ही पायांवर सारखं. कोणी जवळ आलं तर मागे सरत नाही, पण पुढेही घुसत नाही. क्लबमध्ये दारू प्यायलेल्या नटाला वाचवताना तो तिघांना आडवं करतो, ते इतकं थोडक्यात आटोपतं की डोळा लवला तर चुकेल. ते मला फार खरं वाटलं. जाणकार माणूस हात लांबवत नाही. मॅमेट स्वतः हॉलीवूडच्या धकाधकीत वर्षानुवर्षं रेनाटो मॅग्नो यांच्याकडे जिउ-जित्सू शिकला आणि या सिनेमाच्या झुंजी बसवण्यातही मॅग्नोंचा हात आहे. आजूबाजूची माणसंही अस्सल गोळा केली आहेत. रिकार्डो सिल्व्हा झालेला जॉन मचाडो ग्रेसींच्या नात्यातला, स्वतः नामांकित शिक्षक. वृद्ध प्रोफेसरच्या भूमिकेतला डॅन इनोसांटो म्हणजे ब्रूस लीचा शिष्य आणि सहकारी. जपानी विजेता मोरिसाकी झाला आहे एन्सन इनोउए आणि समालोचकाच्या खुर्चीत रँडी कुटूर. आता यातली गंमत ऐक. या एन्सनने 1998 मध्ये जपानमधल्या लढतीत याच कुटूरला आर्मबार, म्हणजे कोपराची पकड, लावून हरवलं होतं. मोरिसाकीच्या झुंजीवर कुटूर बोलायला लागला की मला ते आठवतं आणि काटा येतो.

पण माझ्या लेखी या सिनेमाचं काळीज आहे सुरीचा प्रसंग. तू त्याचा उल्लेखही केला नाहीस! लॉरा ही वकील बाई पहिल्यांदा येते ती पावसाळी रात्री, औषधांच्या अमलाखाली, माइकच्या गाडीला घासून. आत जो हा शिष्य तिचा ओला कोट काढायला मदत करू पाहतो, ती दचकते, त्याचं पिस्तूल तिच्या हाती लागतं, गोळी सुटते आणि समोरची मोठी काच फुटते. पुढे कळतं की तिच्यावर बलात्कार झालेला आहे. मग एके दिवशी माइक तिला शिकवायला घेतो. तो तिच्या गळ्याशी सुरी धरतो आणि सांगतो, यातून सुटून दाखव. तिचा चेहरा पांढराफटक. आपल्याला वाटतं, हा काय करतोय, आत्ता ती कोसळेल. तो थांबत नाही, पण घाईही करत नाही. हात कुठे ठेवायचा, वळायचं कसं, हे दाखवतो आणि पुन्हा करायला लावतो. एका क्षणी तिचं शरीर आपणहून वळतं. सुरी तिच्या हातात येते, तो खाली असतो. एमिली मॉर्टिमरच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे येतं त्याला विजय म्हणता येणार नाही. आपलं शरीर आपलं ऐकतं, यावरचं तिचं आश्चर्य आहे ते. सहानुभूतीचा एक शब्द न उच्चारता माइक तिला तिचं शरीर परत देतो. युद्धकलेचा उपयोग काय, असं मला कोणी विचारलं तर मी हा प्रसंग दाखवेन.

एवढं सगळं ज्या माणसाला साधलं, त्याने कारस्थान इतकं कच्चं का ठेवावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मॅमेटचा जुना नाद म्हणजे फसवणुकीच्या कथा. 1987 चा ‘हाउस ऑफ गेम्स’, 1997 चा ‘द स्पॅनिश प्रिझनर’, दोन्हीकडे भोळ्या माणसाभोवती हळूहळू जाळं विणलं जातं आणि शेवटी प्रत्येक धागा कुठून आला हे कळतं. इथेही जो मँटेन्या आणि रिकी जे ही त्याची नेहमीची नटमंडळी आहेत. रिकी जे तर स्वतः हातचलाखीचा मोठा उस्ताद होता. पण त्या सिनेमांत जाळं हाच विषय होता. इथे विषय माइक आहे आणि जाळं नुसतं त्याच्यावर येऊन पडतं.

घड्याळाचंच घे. नट चेट फ्रँक आभार म्हणून माइकला महागडं घड्याळ पाठवतो. जोला क्लबमधल्या कामाचे पैसे मिळालेले नसतात, म्हणून माइक ते घड्याळ त्याला गहाण ठेवायला देतो. घड्याळ निघतं चोरीचं. पोलीस खात्यातल्या जोवर निलंबनाची पाळी येते. परिणाम भयंकर, पण कारण? एवढ्या श्रीमंत नटाकडे चोरीचं घड्याळ आलं कुठून, त्याने ते मुद्दाम दिलं की त्यालाही कोणी फसवलं, याचं समाधानकारक उत्तर मिळत नाही. चेटच पुढे बाजूला पडतो. टिम ॲलनने तो हरत चाललेला, गोड बोलणारा, आतून रिकामा नट इतका सुरेख उभा केला आहे की तो गेल्यावर पोकळी जाणवते.

मग त्या गोट्या. पांढऱ्या गोट्यांत एक काळी. ज्याच्या वाट्याला काळी येईल त्याने अडचण पत्करून लढायचं, म्हणजे हात बांधून वगैरे. माइकच्या अकॅडमीत ही पद्धत शोभते, कारण रस्त्यावर प्रसंग येतो तेव्हा तुम्ही ताजेतवाने आणि धडधाकट असालच असं नाही, हेच त्याला शिकवायचं असतं. प्रमोटर ती कल्पना चोरून टीव्हीवरच्या लढतींचं आकर्षण करतो. पवित्र गोष्टीचा तमाशा होतो, हा विचार उत्तम. पण व्यवहार बघ. कॅलिफोर्नियात अशा लढतींना राज्याच्या ॲथलेटिक कमिशनची परवानगी लागते. एका खेळाडूचा हात बांधून दुसऱ्यापुढे सोडायला कुठलं कमिशन मान्यता देईल? आणि त्याहून मोठी चूक पुढे आहे. लॉरा वकील म्हणून माइकची बाजू घेऊन कल्पनाचोरीचा दावा लावायची भाषा करते, तेव्हा समोरची मंडळी त्या सुटलेल्या गोळीच्या रिकाम्या पुंगळीवरून धमकी देतात, की लॉरावर पोलिसाच्या खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा उभा करू. अरे, पण अमेरिकेचा कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला किंवा पद्धतीला संरक्षण देतच नाही! कोर्टात जाऊन ते सरळ जिंकले असते. कायदा ज्यांच्या बाजूला आहे त्यांनी ब्लॅकमेलची जोखीम कशासाठी घ्यावी? लॉराला हे कळत नाही, हेही तिच्या हुशारीला शोभत नाही. संपूर्ण मधला भाग या एका पोकळ खांबावर उभा आहे आणि तुला ‘कारस्थान कळलं नाही’ यात तुझा काहीच दोष नाही.

या धांदलीत सगळ्यात अन्याय होतो तो जोवर. तो आत्महत्या करतो. गुरूला आणि लॉराला आपल्यामुळे त्रास नको म्हणून, शिवाय घरी पैसा नाही, खात्यात अब्रू गेलेली. मॅक्स मार्टिनीने हा माणूस इतका सरळ, इतका अभिमानी रंगवला आहे की त्याचा निर्णय आपल्याला आतून समजायला हवा होता. पण कथा त्याच्या मरणापाशी थांबतच नाही. तिला माइकला रिंगकडे ढकलायचंय आणि त्यासाठी मेलेला मित्र हवाय, असं वाटत राहतं. अजून फक्त पाच मिनिटं मॅमेटने जोला द्यायला हवी होती. जो एकटाच मॅटवर बसलाय, किंवा घरी बायकोसमोर गप्प आहे, असं काहीही चाललं असतं.

आणि सोंद्रा. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. माइकची बायको, ॲलिस ब्रागाने केलेली. तिचा कपड्यांचा व्यवसाय आहे आणि अकॅडमीचं गाडं तिच्या पैशावर चालतं. चेटच्या बायकोने भलीमोठी ऑर्डर देऊ केली, म्हणून तिने 30 हजार डॉलर व्याजाने उचलून कापड मागवलं आणि मग पलीकडून फोन उचलणंच बंद झालं. या घरात हिशेब फक्त ती मांडते. माइक तत्त्वाने वागतो आणि त्याची बिलं ती भरते. तिचा राग, तिची घुसमट, भावांच्या आणि नवऱ्याच्या मध्ये होणारी तिची ओढाताण हा एक पूर्ण सिनेमा होता. मॅमेट काय करतो? शेवटाकडे तिला फितूर ठरवतो आणि मोकळा होतो. काचेची आणि गोळीची बातमी बाहेर गेली ती तिच्यातून. धक्का बसतो खरा, पण तो आपल्याला माहिती मिळाल्याचा धक्का असतो. तिच्या मनात ते कधी आणि कसं पिकलं, हे दिसलं असतं तर माइकलाही काही प्रश्न विचारले गेले असते. आपल्या शुद्धतेची किंमत दुसऱ्याच्या खिशातून देणारा माणूस कितपत शुद्ध असतो? हा प्रश्न सिनेमाच्या दारापर्यंत येतो आणि मॅमेट दार लावून घेतो. माझ्या मते हीच या सिनेमाची सर्वांत मोठी उणीव. कारस्थानातल्या भोकांपेक्षाही मोठी.

संवादांबद्दल फार लिहीत नाही. ते तुटक, ठोकळेबाज, एकच वाक्य दोनदा म्हणणारे मॅमेटी संवाद कानाला बसायला वेळ लागतो. माइकच्या तोंडी ते शोभतात, बाकीच्यांच्या तोंडी कधी कधी बनवलेले वाटतात. रॉबर्ट एल्सविटचं छायाचित्रण मात्र फार आवडलं. त्याच वर्षी ‘देअर विल बी ब्लड’साठी त्याला ऑस्कर मिळालं होतं. अकॅडमीतला तो मंद, तपकिरी उजेड आणि लढतीच्या जागेचा डोळ्यांवर येणारा झगमगाट, एवढ्यावर तो दोन जगं वेगळी करतो.

आता शेवट. तू म्हणतोस, स्पर्धा नको म्हणणारा माणूस शेवटी हजारो लोकांसमोर झुंजून जिंकतो, म्हणजे सिनेमाने स्वतःलाच खोटं पाडलं. वरवर खरं वाटतं. पण क्रम बघ. जोच्या बायकोसाठी आणि कर्जासाठी तो मुख्य लढतीआधीच्या झुंजींत उतरायला तयार होतो. तिथे त्याला कळतं की गोट्या बदलायला जादूगार बसवलेला आहे आणि मोरिसाकीशी लढणारा रिकार्डो मुद्दाम हरणार आहे, पुढच्या लढतीला जास्त पैसा मिळावा म्हणून. माइक निघून जायला लागतो. बाहेर लॉरा त्याला गाठते. दोघांचं बोलणं आपल्याला लांबून दिसतं, ऐकू काही येत नाही. ती त्याच्या थोबाडीत मारते आणि तो परत फिरतो. वर संवादांना नावं ठेवली, पण बोलण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या या लेखकाने सिनेमातलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं आपल्याला ऐकवलं नाही, ही केवढी हिंमत आहे! ज्या बाईला त्याने सुटायला शिकवलं तीच त्याला अडवते, एवढंच आपण पाहतो.

पुढची झुंज बक्षिसासाठी नाही, रिंगमध्ये नाही, तिला पंच नाही, वेळ नाही. तो सुरक्षारक्षकांना बाजूला सारत जातो आणि रिकार्डो त्याच्या आडवा येतो. वाटेतच दोघे भिडतात, कॅमेरे तिकडे वळतात. माइक गळ्याच्या विळख्यात सापडतो आणि आपल्या शिष्यांना जे शिकवलं त्यानेच सुटतो. माझ्या दृष्टीने त्याने आपला शब्द पाळला. स्पर्धा खेळला नाही, जिथे जायचं होतं तिथल्या वाटेत कोणी आलं, एवढंच.

पट्ट्यांबद्दल मात्र मी तुझ्या बाजूने झुकतो. मोरिसाकी आपला हस्तिदंतजडित पट्टा देतो, ते मला मनापासून पटलं. एका लढवय्याने दुसऱ्याला ओळखलं. पण त्यावर प्रोफेसरने जिउ-जित्सूतला सर्वोच्च लाल पट्टाही द्यावा? खऱ्या जगात काळ्या पट्ट्यानंतर तब्बल 48 वर्षं गेल्याशिवाय लाल पट्ट्याचा विचार होत नाही. 2008 मध्ये हा सिनेमा आला तेव्हा तो मान भोगणारे हेलिओ ग्रेसी 94 वर्षांचे होते. चाळिशीही न ओलांडलेल्या माइकच्या हाती तो पट्टा पडतो, तेव्हा सिनेमा एकदम दंतकथेत जातो. दंतकथा म्हणून ते दृश्य सुंदर आहे, कोणी काही बोलत नाही हेही सुंदर. फक्त एक पट्टा पुरला असता. शिवाय पट्टे मिळाले, पण कर्जाचं काय, सोंद्राचं काय, जोच्या बायकोच्या हाती काय पडलं, यातलं काहीच मॅमेट सांगत नाही. टाळ्यांच्या आवाजात ती माणसं हरवून जातात आणि माझ्यासारख्याला चुटपुट लागून राहते.

एवढं असूनही मी हा सिनेमा ज्याला त्याला पाहायला सांगतो आणि सांगत राहीन. हात उगारायच्या आधी माणसाच्या आत काय चालतं, हे दाखवणारा दुसरा सिनेमा मला अजून भेटलेला नाही.

तू पुन्हा लावशील तेव्हा सुरीचा प्रसंग आणि ती न ऐकू येणारी भेट पाठोपाठ बघ. पहिला नसता तर दुसरा उभाच राहिला नसता, असं माझं म्हणणं आहे. तुला तसं वाटतं का ते कळव. आणि सोंद्राच्या बाबतीत मी तिची जास्तच बाजू घेतोय असं वाटलं तर तेही मोकळेपणाने लिही. वहिनींनीही सिनेमा पाहिला असेल तर त्यांचं मत मला हवंच आहे, त्यांच्या नजरेतून सोंद्रा वेगळी दिसेल.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत